‘मम, आपण नक्की कोण?’

शनिवारी सकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही दोघं फॉर्म भरत बसलो होतो. तो पंचेचाळिशीचा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. मधे मी घरून आणलेला चहाचा थर्मास. नाव, जन्मतारीख झरझर झालं. मग आला ‘इवी’चा रकाना. इवी म्हणजे न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी माणसाचं कूळ. आपल्याकडे लग्न जुळवताना कुळाची चौकशी करतात तसंच काहीसं, फक्त इथे कुळाबरोबर आपला डोंगर आणि आपली नदीही सांगतात. त्याने पेन खाली ठेवलं, फोन काढला आणि ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या लोगनला, आईला व्हिडिओ कॉल लावला.

“मम, आपण नक्की कोण?”

पलीकडे आई भांडी घासत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला. “न्गापुही. आणि स्पेलिंग त्या बाईंना विचार, उगाच चुकवशील.”

त्या बाई म्हणजे मी. सोलापूरची. मला स्पेलिंग येत होतं, कारण मला ऑकलंडमध्ये दहा वर्षं झाली होती आणि त्याला सहा आठवडे. न्यूझीलंडचा नागरिक मात्र तो. तिसऱ्या वर्षी आईच्या कडेवर बसून ऑस्ट्रेलियाला गेला, तो आता पोलिसांच्या सोबतीने परत आला.

अशा माणसांना इथे ‘फाइव्ह-ओ-वन’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन अ‍ॅक्टचं कलम ५०१, त्यावरून हे नाव पडलं. नागरिक नसलेल्याचा व्हिसा चारित्र्याच्या कारणावरून रद्द करायचं हे कलम. जुनंच होतं, पण डिसेंबर २०१४ मध्ये त्याला धार लावली. बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस तुरुंगात असेल, तर व्हिसा रद्द करावाच लागतो. बारा महिने एकाच गुन्ह्याचे हवेत असंही नाही, लहानसहान शिक्षांची बेरीज चालते. रद्द करण्याचा निर्णय फिरवून घ्यायचा तर अर्जाला अठ्ठावीस दिवस. शिक्षा संपली तरी माणूस घरी जात नाही, तो डिटेन्शन सेंटरमध्ये जातो. सिडनीचं व्हिलावूड, नाहीतर पार जावा बेटाच्या खाली समुद्रात असलेलं ख्रिसमस आयलंड. तिथून विमानात. गेल्या दहा वर्षांत असे तीन हजारांहून जास्त लोक न्यूझीलंडला पोचते झाले.

आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे: तडीपार. पण महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. हद्दीबाहेर काढलेला गडी शेजारच्या जिल्ह्यात मावशीकडे दिवस काढतो, मुदत संपली की परत येतो आणि नशीब जोरावर असेल तर नगरसेवकही होतो. ५०१ मध्ये मुदत नाही. ऑस्ट्रेलियाचं दार जवळजवळ कायमचं बंद. आई गेली तरी दर्शन फोनवरच.

“चाळीस वर्षं राहिला आणि नागरिकत्वाचा कागद केला नाही?” सोलापूरहून माझ्या आईने फोनवर पहिलं हेच विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते. १९७३ पासून या दोन देशांत एकमेकांकडे जाऊन राहायची, नोकरी करायची मोकळीक आहे. न्यूझीलंडचा माणूस ऑस्ट्रेलियात उतरला की विमानतळावरच त्याला ४४४ नावाचा व्हिसा मिळतो. अर्ज नाही, रांग नाही, वर्षावर्षाने नूतनीकरण नाही. त्यामुळे घरात कुणाला वाटतच नाही की आपण परदेशात आहोत. पोरं तिथल्या शाळेत जातात, तिथल्याच संघासाठी ओरडतात. पुढे २६ फेब्रुवारी २००१ ला नियम बदलले आणि त्यानंतर गेलेल्यांना नागरिकत्वाची वाट फारच अरुंद झाली. ती थेट जुलै २०२३ मध्ये पुन्हा रुंद झाली, चार वर्षं राहिलात की अर्ज करा. ह्याचे आईवडील २००१ च्या कितीतरी आधी गेलेले. त्यांना सहज मिळालं असतं. त्यांनी मागितलंच नाही.

यावर हसण्याआधी आपल्या लोकांकडेही बघा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून निळा पासपोर्ट सोडवत नाही आणि पंधरा-पंधरा वर्षं पीआरवर निवांत असलेली मराठी घरं मला सिडनी-मेलबर्नमध्ये डझनाने माहीत आहेत. ५०१ त्यांनाही लागू आहे. दारू पिऊन गाडी चालवली, कुणाला उडवलं, वर्षाची शिक्षा झाली, संपलं. न्यूझीलंडही शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला घालवतं, नाही असं नाही. पण २००९ च्या इथल्या कायद्याने रहिवाशाच्या बाबतीत दहा वर्षांची रेघ मारली होती: त्यानंतरच्या गुन्ह्याची शिक्षा इथेच भोगायची, देश सोडायचा नाही. दहा वर्षांत माणूस इथला झाला, बरावाईट जसा झाला तसा, असा त्यामागचा हिशेब.

आता त्याने काय केलं होतं. दारूच्या गुत्त्याबाहेर मारामारी, एकाचा जबडा मोडला. त्याआधी चोरीची गाडी. अठरा महिने. तो हे लपवत नाही, आणि मलाही त्याच्यावर पांघरूण घालायचं नाही.

मी या कामात शिरले ती ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. परत आलेल्यांना पहिला निवारा, पहिले काही दिवस हे पार्स नावाची जुनी, कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करणारी संस्था बघते. आमचा गट त्यानंतरचा, सात-आठ जणांचा, कागदपत्रांपुरता. मी हिशेबनीस, मला फॉर्मची भीती वाटत नाही, एवढंच माझं भांडवल.

आणि काम खरोखर कागदाचंच आहे. बँक म्हणते, पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणतो, बँकेचं स्टेटमेंट दाखवा, आधीच्या घरमालकाचा दाखला आणा. आधीचा घरमालक म्हणजे तुरुंग. पगार सुरू व्हायला कर खात्याचा आयआरडी नंबर हवा, त्याला ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्र काढायला पत्ता हवा. एका बँकेत आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सर, मागची चाळीस वर्षं तुमचं कुठेच खातं नव्हतं?” तो म्हणाला, “होतं ना, ब्रिस्बेनला. तिथे जाऊ देत नाहीत.” मुलगी गप्प. मी पर्समधून चौथा कागद काढला.

बोली हा आणखी वेगळाच ताप. अंगठ्याच्या चपलेला तो ‘थाँग्ज’ म्हणतो, इथे त्या ‘जँडल्स’. सहलीच्या बर्फपेटीला तो ‘एस्की’ म्हणतो, इथे ‘चिली बिन’. हसण्यासारखं वाटतं, पण गोदामातल्या नोकरीच्या मुलाखतीत तो बोलता बोलता एस्की म्हणाला आणि समोरच्याने मान वर केली. “अच्छा, ऑस्ट्रेलिया? कधी आलात?” पुढचं बोलणं दोन मिनिटांत आटपलं. ऑस्ट्रेलियात तो ‘किवी’ म्हणून नकोसा, इथे ‘ऑझी’ म्हणून.

नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने घाईघाईने एक कायदा केला, परत येणाऱ्या गुन्हेगारांवर देखरेखीचा. एक वर्षाहून जास्त शिक्षा झालेला आणि सुटकेनंतर सहा महिन्यांच्या आत आलेला असेल तर पोलीस बोटांचे ठसे आणि डीएनए घेऊ शकतात, मग ठरल्या दिवशी प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजर व्हायचं, राहती जागा बदलायची तर त्याला विचारायचं. म्हणजे तिकडे शिक्षा भोगून झालेली, इथे गुन्हा केलेला नाही, तरी हजेरी.

हजेरी हा शब्द सोलापूरच्या माणसाला वेगळा ऐकू येतो. आमच्याकडे सेटलमेंट आहे. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या आणि त्यांची हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक कागदोपत्री मुक्त झाले. तरी माझ्या शाळेत, नव्वदच्या दशकात, कुणाची पट्टी हरवली की बाई आधी सेटलमेंटमधून येणाऱ्या मुलीचं दप्तर बघायच्या. ती माझ्याच बाकावर बसायची. मी कधी काही बोलले नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं. त्या मुलीने काहीच केलं नव्हतं, याने जबडा मोडला होता. तरी प्रोबेशनच्या कचेरीबाहेर गाडीत त्याची वाट बघताना मला ते दप्तर आठवतं.

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. काका ऑकलंडच्या सँडरिंगहॅम उपनगराचे जुने रहिवासी.

“तू म्हणे त्या फाइव्ह-ओ-वनवाल्यांचं करतेस?”

“हो काका. शनिवारी.”

“आणि दुकानातला तो पोरगा? त्याचं कोण करणार?”

यावर माझ्याकडे झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, आजही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सँडरिंगहॅमच्या एका डेअरीत (इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान) चोरी झाली. मालक गावाला गेले म्हणून दुकान सांभाळणारा तरुण गुजराती माणूस चोराच्या मागे गेला आणि सुऱ्याच्या वारांनी मेला. पकडलेला आरोपी ऑस्ट्रेलियातून परत पाठवलेला निघाला. देशभरच्या डेअरीवाल्यांनी दुकानं बंद ठेवली, तेव्हाच्या पंतप्रधानांच्या मतदारसंघातल्या कचेरीसमोर निदर्शनं केली. आम्हीही गेलो होतो, माझा नवरा आणि मी. त्या दुकानातून आम्ही कधीमधी दूध घेतलेलं. त्यानंतर दोन महिने मी शनिवारी गेले नाही.

परत गेले ती कुठल्या थोर विचाराने नाही. एवढंच लक्षात आलं की माणूस विमानातून उतरल्यावर त्याचं ना घर, ना खातं, ना ओळखीचं कुणी, अशा वेळी त्याच्या दाराशी कुणी ना कुणी जाणारच. आपण नाही गेलो तर टोळीवाले जातात. ऑस्ट्रेलियातल्या कोमानचेरो टोळीने २०१८ मध्ये इथे बस्तान बसवलं ते परत पाठवलेल्या माणसांच्याच जोरावर. काकांना मी एवढंच म्हणाले. ते म्हणाले, “हं,” आणि मोदक घेतला.

वरच्या पातळीवर भांडण चालूच असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सिडनीत न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या शेजारी उभं राहून सांगितलं, तुमची माणसं आणि तुमचे प्रश्न आमच्याकडे पाठवू नका. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे मंत्री पीटर डटन टीव्हीवर याला कचरा बाहेर टाकणं म्हणाले. मार्च २०२३ पासून ‘डायरेक्शन ९९’ हा व्हिसाचे निर्णय कसे घ्यायचे ते सांगणारा ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्यांचा आदेश आला, त्यात माणसाचे ऑस्ट्रेलियाशी किती जुने धागे आहेत याला वजन मिळालं. गंभीर गुन्ह्यांतले काही जण त्याचा आधार घेऊन राहिले म्हणून बोंबाबोंब झाली आणि जून २०२४ मध्ये ‘डायरेक्शन ११०’ आलं: धागे आहेत ते आहेत, पण जनतेची सुरक्षितता सगळ्यात आधी. आमच्या गटाला या आकड्यांचा उपयोग एवढाच की अजून तिकडे अडकलेल्यांच्या बायकांना अर्जात काय लिहायचं ते सांगता येतं. मुलांच्या शाळेचं पत्र जोडा. कामाच्या मालकाचं जोडा. कोण किती साली आलं ते तारखेसकट लिहा. “तो चांगला माणूस आहे” हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात.

त्याच्या स्वतःच्या अर्जाची वेळ केव्हाच निघून गेलेली. त्याची नऊ वर्षांची मुलगी लोगनलाच आहे. उन्हाळ्यात तीन तासांचा फरक, हिवाळ्यात दोन. ती शाळेतून येते तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते, आणि तो त्या वेळी दुसरं कुठलंही काम घेत नाही.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला.

“तुझा तो माणूस रंगारी आहे ना?”

“होय. वीस वर्षं तेच करायचा.”

“कुंपण रंगवायचंय. घरात नको, फक्त कुंपण. आणि मी घरी असेन तेव्हाच.”

मी त्याला विचारून तासाचा दर कळवला, तीस डॉलर. काकांनी थोडा वेळ विचार केला.

“तीस? रंगासकट का?”