सिमेंट क्रीकचा नकाशा

कोलोरॅडोतल्या डुरँगोत राहायला आले, तेव्हा ॲनिमस नदी मला नुसती सुंदर वाटायची. ती समजली शेजारच्या आजोबांकडे. त्यांचा पिढीजात धंदा गुरांचा, कुरणं नदीच्याच पाण्यावर. एका संध्याकाळी त्यांनी वरच्या सिल्व्हरटन भागाचा जुना नकाशा टेबलावर पसरला. घड्या विरलेल्या, मागून चिकटपट्ट्या लावलेल्या. एका इंचात दोन हजार फूट. तपकिरी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, इतक्या दाट, की डोंगर कागदातून वर आल्यासारखे दिसत होते.

त्या रेषांवर काळ्या शाईच्या खुणा होत्या. इंग्रजी वाय म्हणजे बोगद्याचं तोंड, अर्धा काळा चौकोन म्हणजे खाणीची उभी विहीर, फुली म्हणजे नुसता चाचपणीचा खड्डा. सिमेंट क्रीक नावाच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांची गर्दी. माणसं चांदी-सोन्यासाठी डोंगर पोखरून गेली, १९९१ साली इथली शेवटची मोठी खाणही बंद झाली. बोगद्यांतून पाणी मात्र झिरपतच राहिलं.

५ ऑगस्ट २०१५ला गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी काम चालू असताना मागे तुंबलेलं सुमारे ३० लाख गॅलन पाणी फुटून बाहेर आलं. सिमेंट क्रीकमधून ॲनिमसमध्ये उतरलं, नदी हळदीसारखी पिवळी झाली. शेतांकडे जाणारे पाट बंद करावे लागले. आजोबांनी त्या दिवसांत गुरांसाठी टँकरने पाणी आणलं. हे सांगताना त्यांचं बोट नकाशावर ओढ्याच्या निळ्या रेषेवरून खाली खाली सरकत होतं.

घरी येऊन मी त्याच भागाचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा इंटरनेटवरून उतरवून घेतला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १८८४पासूनचे असे नकाशे स्कॅन करून सगळ्यांना फुकट दिलेत. (सह्याद्रीत आम्ही टोपोशीटच्या झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन फिरायचो, त्यामुळे मला याचं फार अप्रूप.) त्यातही नाव तेच, सिमेंट क्रीक. या ओढ्याच्या पात्रातले गोटे लोहाच्या गंजाने एकमेकांना सिमेंटसारखे चिकटलेले असतात, आणि ते चिकटणं खाणींच्या कितीतरी आधीपासूनचं. म्हणजे हे पाणी मुळातच खनिजांचं, खाणींनी त्याला आणखी वाटा करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो छापून आजोबांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला आणि आधी आपलं कुरण शोधायला लागले. ते कागदाच्या बरंच खाली, नकाशाबाहेर होतं.