पद्मिनी: चेंबरचं पॅकिंग नवं, थेंब मात्र सुरूच

माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी बोल्टांनी बसवलेल्या ऑइलच्या पत्र्याच्या भांड्याचं, पॅकिंग नवं टाकलं, ऑइल भरलं, तरी गाडी रात्रभर उभी राहिली की खालच्या पुठ्ठ्यावर डाग पडतोच. गळती बरीच कमी झालीय, म्हणजे जुन्या पॅकिंगचा वाटा होता, पण सगळा नव्हे. अशा वेळी बहुतेक जण चेंबर पुन्हा उतरवतात आणि या खेपेला दुप्पट सिलिकॉन थापतात. मी आधी गळती शोधायची ठरवली.

१०८९ सीसीचं हे इंजिन धुवायला सोपं. बॉनेटखाली हात फिरायला ऐसपैस जागा आहे, हे सुख आजच्या गाड्यांत नाही. डिझेल आणि ब्रशनं सगळा राप काढला, कोरडं पुसलं आणि चेंबरच्या कडेवर, इंजिनच्या पुढच्या टायमिंग कव्हरखाली, फ्युएल पंपाच्या बुडाशी टाल्कम पावडर उडवली. मग इंजिन चांगलं तापू दिलं. पावडर जिथे आधी काळवंडते, मूळ तिथे. चेंबर सगळ्यात खाली असतं, त्यामुळे वरून कुठूनही ओघळलेलं ऑइल शेवटी त्याच्याच बोल्टला येऊन लोंबतं. गाडी पळताना वारा ते आणखी मागे ढकलतो. फक्त थेंब बघून निदान करणं म्हणजे गळकं कौल शोधायला जमीन चाचपणं.

निघाल्या दोन जागा. पहिली टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तिथलं पॅकिंग दगड झालेलं, ते लगेच बदललं. दुसरी चेंबरच्या कडेला, दोन बोल्टांच्या मधोमध. खरं काम हेच.

चेंबर उतरवून कड जाड काचेवर पालथी ठेवली आणि फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, खाली सरकवला. बोल्टच्या भोकांपाशी पत्रा काचेला टेकलेला, मधे पोकळी. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी ‘गळतंय ना, आवळ अजून’ म्हणत आवळलेलं. जेवढं आवळाल तेवढा भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉककडे, म्हणजे वर इंजिनच्या धडाकडे, ओढला जातो आणि दोन बोल्टांमधलं पॅकिंग सैलच राहतं. त्यावर पॅकिंग कितीही भारी टाका, उपयोग शून्य. एमआयडीसीतल्या लेथवाल्या दादांकडून सपाट लोखंडी ठोकळा आणला, तो कडेखाली धरला आणि हलक्या हातोडीनं एकेक उंचवटा बसवला. कंटाळवाणं काम आहे. काचेवर गेज कुठेच शिरेनासा झाला तेव्हाच थांबलो.

नवं पॅकिंग कॉर्कचं. दुकानात पडून पडून कॉर्क आखडतं, भोकं जुळत नाहीत. ओढून बसवलं तर फाटतं. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवलं की मापावर येतं. मग पुसून, वाळवून लावायचं. सिलिकॉन मी फक्त कोपऱ्यांत लावलं, पॅकिंगची सरळ पट्टी पुढच्या-मागच्या अर्धगोलाला भेटते तिथे, मुगाएवढा ठिपका. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून येतं, सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. गळती परवडली, पण ते नको. ६ मिमी बोल्टला कॉर्कवर ८ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. मधून सुरुवात करून आलटून-पालटून टोकांकडे जायचं. २४ तासांनी ऑइल भरलं, २०डब्ल्यू-४०. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशरही नवा घातला.

मंडळी, ब्रेदरची, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ-वायू बाहेर सोडणारी, नळी जरूर बघा. माझी काळ्या गाळानं अर्धी बुजली होती. पिस्टन रिंगांवरून निसटलेल्या वायूला तिथून वाट मिळाली नाही, तर तो आत दाब वाढवतो आणि पॅकिंग, सील जिथे कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर रेटतो. रॉकेलनं धुऊन, फुंकर आरपार जाईल इतकी मोकळी केली.

चाचणीला समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत आणि परत. सातारच्या सपाट रस्त्यावर फिरून काही कळत नाही. चढाला ऑइल मागच्या कडेवर जमतं, उताराला पुढच्या, आणि गरम ऑइल पातळ झालेलं असतं. घरी येऊन खाली शिरलो. चेंबरची कड चारही बाजूंनी कोरडी, टॅपेट कव्हरही कोरडं.

बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या आवरणाच्या, तळाला मात्र ओलसर थर आहे. इंजिन ऑइल असतं तर क्रँकचं मागचं सील म्हणून धसकाच घेतला असता. बोटावर घेतलं तर जाड, आणि वास गंधकासारखा उग्र: हे गिअरबॉक्सचं ९० नंबर ऑइल. म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि क्लच प्लेटही संपत आलीच आहे, तेव्हा दोन्ही एकदमच. तोवर गिअर ऑइलची पातळी तपासत राहीन.