तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युनिअर रेसिंगमध्ये मुलं खरंच ‘तयार’ होतात का?

प्रश्न दरवेळी एकाच चालीवर येतो. “तुम्ही फॉर्म्युला थ्रीच्या टीममध्ये डेटा इंजिनिअर होतात ना? मग सांगा, फॉर्म्युला टूचे (एफ टू) चॅम्पियन वर, फॉर्म्युला वनमध्ये, गेल्यावर चाचपडतात कसे? खालच्या मालिका शिकवतात तरी काय?” विचारणाऱ्याला कार्टिंगपासून एफ थ्री, एफ टू, एफ वनपर्यंतची सगळी उतरंड पाठ असते, एफ वनच्या परवान्याला, म्हणजे सुपर लायसन्सला, लागणारे ४० पॉइंटही. त्याला फक्त हो किंवा नाही ऐकायचं असतं. मी वर्षानुवर्षं ‘हो’ म्हणून मोकळा होत आलो. आज जरा सविस्तर.

शिकवतात, आणि भरपूर शिकवतात. ४५ मिनिटांचा सराव, शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं ३० मिनिटांचं क्वालिफाइंग, की थेट शर्यत. ट्रॅक नवा असला तर ओळख तेवढ्यातच करून घ्यायची. फॉर्म्युला वनमध्ये टायर ब्लँकेटमध्ये गरम होऊन येतात; इथे गार टायरवर बाहेर पडायचं आणि ते तापवायचं काम स्वतःच करायचं. एफ टूच्या गाडीला ६२० हॉर्सपॉवर आहेत, पण पॉवर स्टिअरिंग नाही. रविवारी संध्याकाळी या मुलांचे तळहात बघा, मग म्हणा की यांना सगळं आयतं मिळतं.

यावर लगेच ऐकवतात, “पण गाड्या तर सगळ्यांच्या सारख्याच असतात.” असतात. दलाराची चासी (गाडीचा सांगाडा), मेकाक्रोमचं इंजिन, पिरेलीचे टायर. टीम मात्र सारख्या नसतात. सेटअप, कसलेला इंजिनिअर, मागच्या पाच मोसमांचा डेटा, हे नियमाने कुणी वाटून देत नाही. त्यामुळे टाइमशीट बघून मुलाची किंमत ठरवणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

माझं हुकमी उदाहरण म्हणजे ऑलिव्हर बेअरमन. २०२४, जेद्दा. एफ टूची पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, त्याच्या नावावर होती, तेवढ्यात फेरारीचा एफ वन ड्रायव्हर साइन्झला अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जावं लागलं आणि हा १८ वर्षांचा मुलगा फेरारीत बसला. हातात सरावाचं एकच सत्र. क्वालिफाइंगमध्ये अकरावा, शर्यतीत सातवा. कमी वेळात गाडी ओळखायची सवय त्याला कुठे लागली? खालीच ना? हे मी इतक्या ठिकाणी बोललोय की आता माझं मलाच खटकतं. कारण २०२३ मध्ये तो हास टीमकडून फॉर्म्युला वनच्या सराव सत्रांत बसला होता, फेरारीची तरुण ड्रायव्हर घडवणारी अकादमी त्याच्या पाठीशी होती. मग श्रेय नक्की कुणाचं?

आणि मला दुसराच एक मुलगा आठवत राहतो. त्याचं नाव लिहीत नाही.

क्वालिफाइंगमध्ये टायरच्या पहिल्या सेटवर तो तेरावा होता. दुसरा नवा सेट सगळ्यांनीच शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखलेला, त्यामुळे तीसच्या तीस गाड्या एकदम बाहेर. प्रत्येकाला पुढे मोकळी जागा हवी, पण इतकीही नको की सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीची ओढ (तिच्या मागे हवेचा विरोध कमी होऊन मिळणारा वेग) मिळणार नाही. म्हणून लॅप सुरू करण्याआधीच्या वळणावर सगळे रेंगाळतात आणि मेहनतीने तापवलेले टायर गार पडायला लागतात. त्याने ते छान सांभाळलं. लॅपच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टरमध्ये, तो स्वतःच्याच वेळेपेक्षा तीन दशांश पुढे, दुसऱ्यात आणखी थोडा. डेटातली ब्रेकच्या दाबाची रेघ बघत राहावी अशी: सुरुवातीला सरळ उभी चढलेली, मग गाडी वळणात शिरेपर्यंत जराही न थरथरता उतरत गेलेली. शेवटची दोन वळणं उरली होती. पुढे कुणीतरी भिंतीला लागलं, सत्र थांबवणारा लाल झेंडा आला आणि त्याचा थ्रॉटल शून्यावर.

उरलेल्या वेळात पुन्हा बाहेर पडून, टायर तापवून लॅप मारणं शक्य नव्हतं. त्याच्या आधी निघालेल्यांचे लॅप मात्र लागले होते. तो चोविसावा.

शनिवारच्या छोट्या शर्यतीला, स्प्रिंट रेसला, एफ थ्रीमध्ये क्वालिफाइंगच्या पहिल्या बाराचाच क्रम उलटा लावतात. म्हणजे चोविसाव्याला दोन्ही दिवस चोविसाव्या जागेवरूनच निघायचं. रविवारी तो मागचे टायर असे जपून चालवत होता की शेवटच्या लॅप्समध्ये पुढचे घसरत होते आणि हा त्यांना एकेक करून मागे टाकत होता. अकरावा आला. पॉइंट दहाव्यापर्यंत.

संध्याकाळी तो हेल्मेट मांडीवर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, “मी काय वेगळं करायला हवं होतं?” मी सगळा डेटा पुन्हा काढला. वीस सेकंद आधी निघाला असता तर गर्दीत अडकला असता. आणखी आधी, तर ओढ देणारी गाडी पुढे नसती. त्याला शिकता येईल असं त्यात काहीच सापडलं नाही, आणि मी तसं सांगितलं. मोसम संपल्यावर त्याच्या अकादमीने त्याला सोडलं. कारण दिलं होतं: क्वालिफाइंगमध्ये सातत्य नाही.

“म्हणजे हा सगळा नशिबाचा खेळ,” असं आता म्हणू नका, मला ते मान्य नाही. चांगला ड्रायव्हर मोसमभरात दिसतोच. फक्त दिसणं आणि जागा मिळणं यांचा संबंध मला पूर्वी वाटायचा तितका घट्ट नाही. ड्रुगोविच २०२२ चा एफ टू चॅम्पियन, पूर्शेर २०२३ चा. दोघांनाही त्यानंतर एफ वनमध्ये कायमची जागा मिळाली नाही, आणि चॅम्पियनला पुन्हा एफ टूमध्ये उतरायला नियमच आड येतो. उलट वेर्स्टापन युरोपियन एफ थ्रीचा एक मोसम करून २०१५ मध्ये, १७ व्या वर्षी, थेट वर गेला. त्यानंतर एफआयएला, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेला, वयाची आणि पॉइंटची अट घालावी लागली. मर्सिडीजकडून एफ वनमध्ये गेलेल्या अँटोनेलीने तर एफ थ्री गाळलीच. मधल्या काळात मर्सिडीजने त्याला आपल्या जुन्या एफ वन गाड्या भरपूर चालवायला दिल्या. म्हणजे खरी तयारी जुन्या गाड्यांतच होते का? काही अंशी, हो. पण त्या गाडीत कुणाला बसवायचं हे आधी कुठल्यातरी अर्ध्या तासात ठरलेलं असतं.

माझ्यातला जुना इंजिनिअर इथे हटकून म्हणतो की वर गेल्यावरही लाल झेंडे असतातच, सवय लागलेली बरी. असेल. पण वरच्याला पुढच्या आठवड्यातही गाडी असते.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: तो मुलगा आता एंड्युरन्स रेसिंगमध्ये, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींत आहे, पगार घेऊन. टायर घासत आलेले असताना लांब स्टिंट (न थांबता चालवायचा टप्पा) काढायचा असेल तर टीम त्यालाच गाडीत बसवते. हे कसब त्याने ज्युनिअर मालिकांतच कमावलं, आणि हा मुद्दा तुम्ही खुशाल माझ्याविरुद्ध वापरा.