तुम्ही विचारलंत म्हणून: दुबईत मध्ये आठ-दहा तास मिळाले तर

"लेकीकडे न्यू जर्सीला चाललोय, मध्ये दुबईत दहा तास आहेत, बाहेर पडावं का गं? बुर्ज खलिफा होईल का तेवढ्यात?" मी दुबईत राहते म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, मावशीकडून, शाळेतल्या मैत्रिणींकडून, माहेरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडून, आणि व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगताना काहीतरी महत्त्वाचं राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं सलग लिहिते.

बाहेर जरूर पडा. पण बुर्ज खलिफासाठी नाही, खाडीसाठी, म्हणजे जुन्या दुबईच्या मधून जाणाऱ्या दुबई क्रीकसाठी.

दहा तास म्हणजे हातात दहा तास नसतात हे आधी लक्षात घ्या. विमान टेकल्यापासून इमिग्रेशन उरकून बाहेर यायला तास-दीड तास, पुढच्या विमानाच्या तीन तास आधी एअरपोर्टवर परत, उरले साडेपाच, त्यातून जाण्यायेण्याचा तास काढला की फिरायला साडेचार तास. आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी नकोच म्हणते, एअरपोर्टवर पाय पसरून आराम करा. आणि साडेचार तासांत बुर्ज खलिफा करायचं तर मेट्रो स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंतचा तो लांबच लांब बंदिस्त पूल चालायचा, मग मॉलमध्ये शोधाशोध, मग लिफ्टची रांग, वर जाऊन फोटो आणि परत. ८२८ मीटरची इमारत आहे, लांबूनही छान दिसते.

व्हिसाचं काय ते तिकीट काढण्याआधीच बघा, नंतर नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायला यूएईचा व्हिसा लागतोच. ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा असतो पण तो इथे उतरून मागायचा नसतो, आधीच एअरलाइनमार्फत काढावा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे त्यांना वेगळी सवलत आहे, पण तिचे नियम आणि फी बदलत असतात, म्हणून एअरलाइनला विचारूनच ठरवा. बहुतेक घरांत तिकीट मुलं तिकडून काढतात, त्यांना वाटतं व्हिसाचं आईबाबा बघतील, आईबाबांना वाटतं मुलांनी केलंच असेल. एकदा फोन करून स्पष्ट बोलून घ्या. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर अजून सांभाळून, कारण बॅगा थेट पुढे जात नसतील तर त्या घेऊन परत चेक-इन करायलाही बाहेर यावं लागतं, म्हणजे परत व्हिसा आलाच.

आता बॅगेचं, आणि हे मी प्रत्येकाला अगदी जीव तोडून सांगते. यूएईत खसखस आणायला बंदी आहे. ती इथे अमली पदार्थांत धरतात आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे चालत नाही. आपल्या खाण्यात ती कुठे कुठे असते ते आठवून बघा, अनारशावर असते, करंजीच्या सारणात असते, आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात, त्यातही असते! लाडू न्यायचेच तर खसखस न घालता करा, थेट पुढे जाणाऱ्या बॅगेतसुद्धा ती नको. औषधांचंही तसंच, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांना इथे आधी परवानगी लागते. नेहमीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत ठेवा.

हे एवढं झालं की बाकी सगळं सोपं आहे. टर्मिनल ३ किंवा १ ला उतरलात तर मेट्रो दारातच आहे (टर्मिनल २ ला नाही, तिथून टॅक्सी करा). स्टेशनवर नोलचा (इथल्या मेट्रो-बसच्या कार्डाचा) दिवसभराचा पास घ्या, रेड लाइनने युनियनला या, तिथे ग्रीन लाइन पकडून अल रास. स्टेशनातून बाहेर पडलात की देरा म्हणजे खाडीच्या अलीकडचा जुना भाग, तिथला मसाल्यांचा बाजार चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. केशर, लोबान, वाळवून काळी पडलेली लिंबं, दुकानदार सरळ हिंदीत हाक मारतात. सोन्याचा बाजार शेजारीच, तिथे नजर टाकून या, पण स्टॉपओव्हरमध्ये खरेदीत शिरू नका, भाव करता करता तास जातो.

मग खाडीच्या काठावर या आणि अब्रात बसा. अब्रा म्हणजे पलीकडे नेणारी लाकडी होडी, भाडं फक्त १ दिरहॅम, म्हणून नाणी आधीच सुट्टी करून ठेवा. मधोमध एक लांब बाक, त्यावर दोन्ही बाजूंना तोंड करून पाठीला पाठ लावून माणसं बसतात, होडीवाला मधल्या खळग्यात उभा असतो आणि होडी सुटली की पैसे गोळा करत येतो. कडेला कठडा नाही, पाणी पायापासून हातभर अंतरावर. चढताना होडी हलते म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी होडीवाल्याचा हात धरावा, ते स्वतःच पुढे करतात. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण त्यात दोन्ही काठ दिसतात, मालाच्या लाकडी बोटी, मशिदींचे मिनार, घरांवरचे चौकोनी वाऱ्याचे मनोरे. ही खाडी गाळाने भरत चालली होती, ती दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी उपसून घेतली, १९६१ च्या सुमारास ते काम झालं आणि मोठ्या बोटी आत येऊ लागल्या. तेव्हा तेल सापडलेलंही नव्हतं, शहर या पाण्यावर उभं राहिलं. आणि आपलं नातं बघा, १९६६ पर्यंत या बाजारांत रुपयाच चालायचा, शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. म्हणून मला वाटतं की मुंबईहून येणाऱ्याने दुबईत एकच जागा बघायची तर ती ही.

पलीकडे बर दुबईला उतरलात की कापडबाजार, त्याच्या मागे देवळाकडे जाणारी अरुंद गल्ली, तिथे मोगऱ्याचे गजरे आणि पूजेचं सामान मिळतं. तिथून चालत अल फहिदी. १७८७ चा किल्ला बाहेरून बघा आणि मागच्या जुन्या वस्तीत शिरा. इराणच्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरं बांधली, समुद्रातलं पोवळं आणि जिप्सम वापरून, आणि काही ठिकाणी भिंतीचा गिलावा उघडा ठेवलाय तिथे पोवळ्याची भोकं भोकं असलेली जाळी स्पष्ट दिसते. एखाद्या खुल्या घरात वाऱ्याच्या मनोऱ्याखाली जाऊन उभे राहा, वरून झुळूक येते ती प्रत्यक्ष अंगावर लागते. १९८० च्या दशकात यातली निम्मी वस्ती पाडली गेली, उरलेली जपली म्हणून आज आपल्याला बघायला मिळते. इथे घाई करू नका, एखाद्या अंगणात चहा घेऊन बसा.

परतताना बरजुमानहून रेड लाइन थेट एअरपोर्टला जाते, फक्त आपलं टर्मिनल १ की ३ ते बघून उतरा.

जून ते सप्टेंबर दुपारी हे करू नका, चाळीसच्या वर तापमान आणि वर दमट हवा, वयस्कर माणसांना खरंच त्रास होतो, त्या दिवसांत पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात आणि रविवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून मला विचारताना विमानाच्या वेळांबरोबर वारही कळवा, आणि बरोबर कोण आहे, कितपत चालवतं तेही, म्हणजे त्याप्रमाणे सांगता येईल.