नखे काढताना

रविवार, रात्र

आज दुपारी आजीची नखे काढायला बसले. ती ९४ वर्षांची आहे. तिची नखे आता शिंपल्यासारखी जाड झाली आहेत, त्यामुळे हात घटकाभर कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय नेलकटर चालत नाही. हात पाण्यात असतानाच तिने विचारले, "मला बबी म्हणणारं कुणी उरलंय का गं?" मी बराच वेळ आठवून पाहिले. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारी शेवटची मावसबहीण सहा वर्षांपूर्वी गेली. आता ती सगळ्यांची आजी, नाहीतर काकू आहे.

माणसाने अमर होण्याचा ध्यास घ्यावा का, हा प्रश्न काही दिवसांपासून माझ्या मनात आहे. शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञाने २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींसारखे, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या सुरुवातीच्या पेशींसारखे, करून दाखवले आणि म्हातारपण मागे फिरवता येईल, या आशेला त्यामुळे मोठे बळ मिळाले. ती आशा मला परकी वाटत नाही, कारण आजी जाऊ नये असे मलाही रोज वाटते.

मरण टाळणाऱ्या मानवी पेशी मात्र जगात आहेतच. आपल्या साध्या पेशी साधारण ५० वेळा विभागल्या की थांबतात, असे लेनर्ड हेफ्लिक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले. त्याआधी १० वर्षे, १९५१ मध्ये, बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखातील गाठीतून घेतलेल्या पेशी मात्र थांबल्याच नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढत आहेत आणि पोलिओच्या लशीच्या कामीही त्या आल्या. त्या पेशी कर्करोगाच्या होत्या, आणि हेन्रिएटा त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी, गेली. पेशी उरल्या, बाई उरली नाही, हे वाचल्यापासून 'अमर' या शब्दाची मला धास्ती वाटते.

पाण्यातून आजीचा हात काढून पुसताना मी एकेक बोट सुटे करत होते. गर्भात हा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो; बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा कुठे बोटे मोकळी होतात. म्हणजे ज्या हाताने तिने आम्हा सगळ्यांना भरवले, तो घडतानाच त्यात मरणाचा वाटा होता.

तरीही मरणापुढे सरसकट मान तुकवावी, असे मला मुळीच वाटत नाही. आजीचा धाकटा भाऊ देवी येऊन तिसऱ्या वर्षी गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते, आणि तो आकडा इतका खाली खेचणारी मरणे बहुतांशी अशाच लहानग्यांची होती. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. घरोघर फिरून लस टोचणाऱ्यांचे ते काम मला कोणत्याही संजीवनीहून मोठे वाटते. आजीचे गुडघे दुखू नयेत, तिला नीट ऐकू यावे, यासाठी विज्ञानाने खुशाल जिवाचे रान करावे. पण पुढची २०० वर्षे तिने जगावे, असे मागताना तिला बबी म्हणणारे कोण, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आणि ती माणसेही राहावीत, असे म्हटले, तर मागून येणाऱ्या बाळांनी कुठे यायचे?

डाव्या हाताची दोन बोटे राहिली होती. तेवढ्यात दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, म्हणून आजीने हात पदराखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे आता. उरलेली उद्या काढू."