मॉर्फिनची अर्धी गोळी

अतिदक्षता विभागातली नोकरी सोडून मी गृहभेटीच्या उपशामक सेवेत, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या वेदना कमी करण्याच्या कामात, जाणार असल्याचे घरी सांगितले, तेव्हा आईने विचारले होते, "जी माणसं बरी व्हायचीच नाहीत, त्यांच्या घरी जाऊन तू करणार तरी काय?" तिचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे धड उत्तर नव्हते. माझी आजी मिरजेच्या मिशन रुग्णालयात परिचारिका झालेली, वडील चर्चच्या शाळेत शिक्षक. त्यामुळे सेवा, पाचारण, प्रभूची इच्छा हे शब्द आमच्या घरात मीठमिरचीइतके रोजचे होते. पण घरावरच्या कर्जाचा हप्ताही तितकाच रोजचा होता. माझ्या बरोबरीच्या मुली इंग्रजीची परीक्षा देऊन इंग्लंडला निघाल्या होत्या, मीही ती परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि तिकडच्या एका रुग्णालयाचे नियुक्तिपत्र माझ्या फोनमध्ये येऊन पडले होते. होकार कळवायची मुदत शुक्रवारी संपत होती. मी सांगते आहे तो दिवस त्या आठवड्यातला बुधवार.

मला भीती नेमकी कशाची वाटत होती, हे सांगायला हवे. अतिदक्षता विभागात मृत्यू मी पुष्कळ पाहिले होते, पण तिथे मॉनिटर असतो, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात आणि नातेवाईक काचेच्या पलीकडे असतात. गृहभेटीत यातले काहीच नसते. घर त्यांचे, खाट त्यांची, माणूस त्यांचा, आणि आपण एक पिशवी घेऊन आलेले परके. रविवारच्या उपासनेत 'खंबीर हो, हिंमत धर' हे यहोशवाला सांगितलेले शब्द मी लहानपणापासून ऐकले आहेत. पण यर्देन नदी ओलांडणाऱ्या सेनापतीला सांगितलेले ते शब्द पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या पत्र्याच्या घरात कसे लागू पडायचे, ते मला उमगत नव्हते.

त्या बुधवारी आम्ही गेलो ते घर अशाच एका वस्तीवर होते. अहिल्यानगरच्या (आम्ही अजून नगरच म्हणतो) पूर्वेला पाऊस हुलकावण्या देत होता आणि बाजरी कोमेजली होती. रुग्ण पंचेचाळिशीचा शेतकरी. गालाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होऊनही उलटलेला. तंबाखूची पुडी आमच्याकडे विडीकाडीइतकी सहज हातात येते, त्याचे हे फळ आम्ही आठवड्याआड बघतो. त्याच्या गालाला आरपार भोक पडले होते, नाकातून पोटात नळी घातलेली होती आणि त्याला बोलता येत नव्हते. दुखणे शून्य ते दहामध्ये किती, असे विचारल्यावर त्याने दोन्ही हातांची बोटे पसरून दाखवली आणि मग तेच हात कपाळावर मारून घेतले.

आमच्या डॉक्टरांनी आधीच्या भेटीत मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, लिहून दिले होते, तरीही एकही गोळी दिली गेली नव्हती. रुग्णाच्या पत्नीने कडीकुलपातल्या डब्यातून पाकीट काढून दाखवले. सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. "माझ्या भावानं नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तो भाऊच दारात आला. मुले त्याला मामा म्हणत होती, म्हणून मीही मामाच म्हणू लागले.

"सिस्टर, ही गर्दची गोळी आहे, मी मोबाइलवर बघितलंय," मामा म्हणाले. "एकदा सवय लागली की सुटत नाही. आणि ही दिली की माणूस दोन दिवसांत जातो, आमच्या गावात झालंय तसं."

हे काही मामांचे एकट्याचे अज्ञान नव्हते. 1985 सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे एवढे कुंपण घातले की पुढची कित्येक वर्षे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला ते वापरण्याचा सराव राहिला नाही. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, पण कायदा बदलला म्हणून लोकांच्या मनातली भीती बदलत नाही. शिवाय मॉर्फिन अगदी शेवटच्या दिवसांत सुरू केले, की माणूस आजाराने गेला तरी दोष गोळीवर येतो. मामांच्या गावात असेच काहीसे झाले असणार.

मी समजावू लागले. सुरुवात अर्ध्या गोळीने, म्हणजे पाच मिलिग्रॅमने; दर चार तासांनी; सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रेचक आणि मळमळीचे औषध. दुखण्याला मोजूनमापून दिलेल्या मॉर्फिनने श्वास बंद पडत नाही आणि व्यसन लागण्याची शक्यताही फार थोडी, हे मी सांगितले. मामा ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या क्रूसावर होती. मग त्यांनी विचारलेच, "तुम्ही ख्रिश्चन ना? हे सगळं फुकट करता, मग आमच्याकडून काय पाहिजे तुम्हाला? धर्म बदलायला आलात का?"

खोलीत एकदम शांतता झाली. आमचा ड्रायव्हर उठून उभा राहिला. पिशवी उचलून, 'तुमची मर्जी' म्हणून बाहेर पडणे हा त्या क्षणी सर्वांत सोपा मार्ग होता, आणि खरे सांगते, इंग्लंडचे ते पत्र मला त्या घडीला फार जवळचे वाटले. गळ्यातला क्रूस पदराआड सारावा, असेही मनात येऊन गेले. मी मनातल्या मनात प्रार्थना केली, तिला शब्द असे नव्हतेच. आठवली ती गेथशेमाने बाग. मरणाच्या आदल्या रात्री ख्रिस्त स्वतः भयाने व्याकूळ झाला होता, आणि सोबत्यांनी घटकाभर आपल्याबरोबर जागे राहावे एवढेच त्याने मागितले होते; तेवढेही त्यांच्याने झाले नाही. मरणाऱ्या रुग्णांच्या सेवेची आजची वाट घालून देणाऱ्या सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी आपल्या कामाचा पाया याच वचनात पाहिला, हे मी प्रशिक्षणात वाचले होते. त्या आधी परिचारिका होत्या. 1948 मध्ये वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा ज्यू रुग्ण लंडनमध्ये मरताना त्यांच्यासाठी 500 पौंड ठेवून गेला. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारे घर, उभे राहायला 1967 साल उजाडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळ लावून तोंडाने मॉर्फिन द्यायचे, ही आजची पद्धत त्यांच्याच कामातून रुजली. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, आणि त्यांच्या हॉस्पिसचे दार कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाला सारखेच उघडे होते.

"मामा, मी ख्रिस्ती आहे, ते मी लपवत नाही," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "माझ्या देवानं मला हे काम सांगितलंय असं मी मानते, म्हणून आलेय. तुमच्या घरात मी धर्माचा शब्द काढणार नाही. अर्धी गोळी देते आणि तिचा असर होईपर्यंत इथंच बसते. काही झालं तर मी समोर आहे."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रुग्णाची आई, जी इतका वेळ कोपऱ्यात तुळशीची माळ ओढत बसली होती, ती म्हणाली, "दे बाई. त्याचं कण्हणं मला ऐकवत नाही."

मी गोळी मधोमध मोडली, अर्धी पाकिटात ठेवली, अर्धी दोन चमच्यांमध्ये दाबून तिचे पीठ केले, कोमट पाण्यात विरघळवून नळीतून दिले आणि मागून साधे पाणी सोडले. मामांनी मोबाइलवर वेळ लावली. रिकामे बसण्यापेक्षा मी जखमेकडे वळले. घरच्यांना सर्वांत जास्त खाणारी गोष्ट म्हणजे वास. त्या वासामुळे मुले बापाजवळ यायची बंद झाली होती. मिठाच्या पाण्याने जखम धुतली, वास मारणाऱ्या मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड करून त्यात भुरभुरली, वर ओलसर गॉज ठेवले, आणि पत्नीला शेजारी बसवून तिच्याच हातांनी पट्टी बांधून घेतली. म्हातारीने हरिपाठ सुरू केला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मला त्याचे ओझे वाटले नाही.

अर्ध्या तासाने मी श्वास मोजले, मिनिटाला अठरा. मामांनी स्वतः पुन्हा मोजून खात्री केली, हे मला आवडले. पाऊण तासाच्या सुमारास कण्हणे थांबले, तसे मामा घाबरून खाटेपाशी धावले. रुग्णाने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिले आणि चार बोटे दाखवली. दहावरून चार. पत्नी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मी चार-चार तासांच्या वेळा वहीत लिहून दिल्या, रात्रीच्या झोपेआधी दुप्पट मात्रा देण्याबद्दल डॉक्टरांशी फोनवर बोलून ती नोंदही केली आणि रिकामी पाकिटे परत आणायला सांगितले.

गाडीत बसल्यावर माझे हात थरथरू लागले. भीती गेली नव्हती. आजही अनोळखी उंबरठ्यावर ती असतेच. पण एवढे कळले होते, की माझ्या वाट्याला आलेले काम भीती संपल्यावर सुरू होणारे नाही. शुक्रवारची वाट न पाहता गुरुवारी मी इंग्लंडला नकार कळवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ती तो विषय काढते. तिचे चुकते असेही मला म्हणवत नाही. श्रद्धेने हिशेब सुटतो, असे कुणी म्हणत असेल तर त्याने आमच्या घरी येऊन पाहावे.

तो शेतकरी पोळ्यानंतर गेला, झोपेत, मुले जवळ असताना. दिवस झाल्यावर मामा रुग्णालयात आले. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटे त्यांनी टेबलावर मांडून स्वतः मोजली, रजिस्टरमध्ये माझी सही घेतली आणि म्हणाले, "सिस्टर, आमच्या शेजारच्या वाडीत एक आजी आहेत, पोटाच्या. त्यांचा मुलगा गोळीला घाबरतोय. मी सांगितलंय त्याला, पण तुम्ही आलात तर बरं." आम्ही पुढच्या मंगळवारी गेलो, आणि गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी मामा बसले होते.