वाचनवही, महिना तिसरा: पाच रकाने बंद

मागच्या अपडेटमधे म्हटलं होतं की कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, निवेदन असे पाच रकाने पाडून प्रत्येक कादंबरीची नोंद करणार. ते बंद केलं. तीन पुस्तकं झाल्यावर लक्षात आलं की मी नुसता सारांश लिहितोय, बारावीच्या गाईडसारखा, आणि वातावरणाच्या रकान्यात तर 'माणदेश, खेडेगाव' एवढंच.

मग माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) परत काढली आणि एकच प्रश्न धरला, हे कोण सांगतंय आणि त्याला काय माहीत असणं शक्यच नाही? सांगणारा मास्तर, कोवळा पोरगा, बाहेरून आलेला, त्यामुळे धनगरांचं ते गाव आपल्यालाही त्याच्याइतकंच हळूहळू कळत जातं. अंजीवरून, म्हणजे स्वतःच्या मुलीवरून, कारभाऱ्याच्या मनात मास्तरबद्दल किंतू येतो तिथे मी जरा आगाऊपणा केला, तेवढाच प्रसंग कारभाऱ्याला 'मी' करून दीड पान लिहिला. पार फसला! म्हातारा मनातलं सगळं घडाघडा बोलायला लागला आणि प्रसंगातली हवाच गेली. मास्तरला त्याच्या मनात शिरता येत नाही म्हणूनच तर आपला जीव वरखाली होतो ना. आणि मी संघर्षाच्या रकान्यासाठी भांडणं शोधत बसलेलो.

वातावरणाचंही तिथेच उलगडलं. शेवटी दुष्काळ पडतो आणि गाव उठतं. 'पाऊस पडला नाही, मग माणसं गेली' ही नुसती घटनांची रांग झाली, पण पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून मेंढरं जगत नाहीत आणि मेंढरांवाचून धनगर त्या माळावर करणार काय, हे कथानक. तो माळ काढला तर कथानकच उरत नाही, दोन रकाने वेगळे कशाला पाडले होते देव जाणे.

सध्या खांडेकरांची ययाति (१९५९) चालू आहे. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापल्या भागात 'मी' म्हणून बोलतात. कॉलेजात वाचली तेव्हा ययाति सांगतो ते सगळं खरं धरून देवयानीला खडूस ठरवून मोकळा झालो होतो, आता तिचा भाग वाचताना थोडी लाज वाटतेय. पण एक तक्रार आहे, खांडेकरप्रेमींनी रागवू नका, तिघांची भाषा मला सारखीच वाटते, तीच अलंकारिक, सुभाषितं पेरलेली. खात्री करायला बायकोला मधूनमधून पाच वाक्यं वाचायला लावली, नावं गाळून, कोण बोलतंय ते मी ओळखायचं. दोन बरोबर आली, त्यातलं एक तर ठोकूनच दिलेलं.

आता बनगरवाडीतून पाच काढ म्हटलं तर म्हणाली, त्यात बोलतोय एकटा मास्तर, ओळखणार काय? मग ठरलं, मास्तरची नको, गावकऱ्यांच्या तोंडची काढायची. रविवारी बसतोय.